अमेरिकेला न पटलेली चार मिनिटं

“अडकलं वाटतं हे,” काचेपलीकडचा माणूस म्हणाला आणि हातातल्या कंट्रोलरची सगळी बटणं भराभर दाबू लागला.

काचेच्या अलीकडे, दिवे घालवलेल्या खोलीत आम्ही तिघं बसलो होतो. माझ्या डावीकडे ग्लेन हॅलोरन, आमच्या कंपनीच्या अमेरिकेतल्या शाखेचा प्रमुख. उजवीकडे मोरीवाकी-सान, ओसाकाहून माझ्याबरोबर आलेल्या बाई (सान म्हणजे आपल्याकडचं ‘जी’). हा व्हिडिओ गेम त्यांनी लिहिला होता आणि तीन वर्षं खपून अकरा जणांच्या गटाकडून करून घेतला होता. त्या दोघांच्या मध्ये मी, दुभाषी. ग्लेनला जपानीचा गंध नव्हता आणि मोरीवाकी-सान इंग्रजी बोलत नसत.

“काय म्हणाला तो?” मोरीवाकी-सानांनी हळूच विचारलं.

“गेम अडकलाय असं वाटतंय त्याला.”

त्यांनी मान हलवली आणि मांडीवरच्या वहीत काहीतरी लिहिलं.

सन २००३चा फेब्रुवारी. शिकागोबाहेरच्या एका उपनगरातलं ऑफिस, बाहेर गुडघाभर बर्फ. गेम बाजारात आणण्याआधी अनोळखी माणसांना बोलावून खेळायला द्यायचा आणि काचेआडून त्यांची तोंडं बघायची, अशी तिकडे पद्धत होती. त्या दिवशी सकाळपासून आठ जण येऊन गेले. सहा जणांना तो अडकल्यासारखा वाटला. एकानं चक्क उठून दार ठोठावलं. एक बाई तेवढी, शाळेची बस चालवणारी, कंट्रोलर मांडीवर ठेवून गप्प बसून राहिली. पण कंटाळून बसली की आणखी कशानं, ते तिच्या तोंडावरून कळेना.

गेमचं नाव होतं ‘हिवाळ्याचं टपाल’. एका बेटावरचा तरुण पोस्टमन बर्फातून घरोघर पत्रं पोचवतो, एवढीच गोष्ट. मारामारी नाही, राक्षस नाहीत. सातव्या भागात तो लांबच्या वस्तीवर गेलेला असताना इकडे त्याची आई जाते. तो परत येतो, तेव्हा घरात तिला निजवून ठेवलेलं असतं, चेहऱ्यावर पांढरं फडकं. जपानात मृताजवळ घरच्या माणसानं जागत बसायचं आणि उदबत्ती विझू द्यायची नाही, असा रिवाज आहे. तोच प्रसंग मोरीवाकी-सानांनी घेतला होता. चार मिनिटं पडद्यावर काही म्हणजे काही घडत नाही. उदबत्ती जळत येते, संपायला आली की खेळणाऱ्यानं एक बटण दाबून दुसरी लावायची. अशा तीन.

मोरीवाकी-सानांच्या मते त्या चार मिनिटांसाठीच बाकीचा सगळा गेम होता. ग्लेनच्या मते त्या चार मिनिटांमुळे तो पडणार होता.

मी मूळची फलटणची, ललिता भोईटे. पुण्यात कॉलेज करता करता हौसेनं जपानी शिकले. मग पिंपरीच्या एका कारखान्यात जपानी इंजिनिअरांच्या मागे मागे फिरून बोल्ट आणि बेअरिंगची भाषांतरं केली, आणि एकोणतिसाव्या वर्षी ओसाकाच्या मिझुहारा कंपनीत लागले. जपानी जिभेला ‘भ’ही जमत नाही आणि ‘ट’ही, त्यामुळे तिथे मी ‘बोइते-सान’ झाले. शिकागोला निघण्यापूर्वी आमचे विभागप्रमुख सुगीउरा-सान यांनी मला बाजूला घेतलं होतं.

“जपानात हा गेम फारसा चालला नाही, ते तुम्हाला माहीत आहे,” ते म्हणाले. “अमेरिकेत गेला नाही, तर मार्चअखेर हा गट मोडायचा असं वर ठरलंय. मोरीवाकी-सानांना ते माहीत आहे. तुम्ही तिकडून होकार घेऊन या.”

“होकार मी कसा आणणार? मी फक्त बोललेलं पोचवणार.”

“तेच म्हणतोय. नळासारखं राहायचं. आलेलं पाणी पुढे सोडायचं, आपलं काही मिसळायचं नाही. दुभाष्यानं मत दिलं की दोन्ही बाजूंचा विश्वास जातो, मग तो परत येत नाही.”

ते मला पटलं होतं. चार वर्षांत मी एक शब्द इकडचा तिकडे केला नव्हता. कुणी रागावलं तर राग सांगत होते, कुणी फालतू विनोद केला तर तोही.

शिकागोत पहिले दोन दिवस मी नळासारखीच बसले. ग्लेन एकेक मुद्दा काढी. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, घाईघाईनं बोलणारा माणूस. पूर्वी खेळण्यांच्या कंपनीत होता. तो वाईट नव्हता, हे आधीच सांगते. आपल्या गिऱ्हाइकाची त्याला खरीखुरी काळजी होती.

“पोस्टमनचं नाव हेइसुके. हे नाव इथल्या मुलांना उच्चारता येणार नाही. हेन्री करू या?”

मी जपानीत सांगितलं. मोरीवाकी-सान क्षणभर थांबल्या. “वाकारिमाशिता,” त्या म्हणाल्या. म्हणजे ‘समजलं’.

“जेवणाच्या टेबलावर पांघरूण का घातलंय? लोकांना वाटेल चित्र चुकलं.”

थंडीत जपानी घरात तसं टेबल असतं, खाली शेगडी असते, पाय आत घालून सगळे बसतात. मोरीवाकी-सानांनी ते समजावून सांगितलं. ग्लेननं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “छान आहे. पण गेममध्ये हे समजावायला तुम्ही नसणार. फायरप्लेस दाखवू.”

“वाकारिमाशिता.”

वाकून केलेले नमस्कार गेले. बाराव्या भागातलं देऊळ गेलं. दर वेळी तोच शब्द, तोच आवाज. ग्लेन खूश होता. पहिल्या संध्याकाळी तो मला म्हणाला, “लॅलिटा, इतकी सोपी बाई मी जपानातून आलेली पाहिली नाही. बाकीचे एकेका शब्दावर अडून बसतात.”

मी हसले. पण मला ते सोपं वाटत नव्हतं. जपानात चार वर्षं राहून एवढं कळलं होतं, की ‘समजलं’ म्हणजे ‘पटलं’ नव्हे. आणि हॉटेलच्या नाश्त्याला बसल्यावर मी पाहत होते, मोरीवाकी-सान खात नव्हत्या. टोस्टचे तुकडे करत, ते बशीच्या कडेनं लावून ठेवत.

आठवा खेळाडू गेला आणि ग्लेननं खोलीतले दिवे लावले. खुर्ची आमच्याकडे वळवली.

“बघितलंत ना?” तो म्हणाला. दोन दिवसांत पहिल्यांदा त्याचा आवाज चढला होता. “आठातले सहा. मी दोन दिवस सभ्यपणे बोलतोय, आता सरळ सांगतो. मेलेल्या म्हातारीकडे चार मिनिटं बघत बसायला या देशात कुणी येणार नाही. तो भाग काढून टाका. शनिवारपर्यंत काढलात तर गेम इथे येईल, नाही तर मी हात लावणार नाही. सांग त्यांना. शब्दही बदलू नकोस.”

मी मोरीवाकी-सानांकडे वळले.

त्या ताठ बसल्या होत्या, वही मिटलेली, हात वहीवर. मी तोंड उघडलं की काय होणार, ते मला स्वच्छ दिसलं. मी हे वाक्य जपानीत सांगणार, त्या क्षणभर थांबणार आणि ‘वाकारिमाशिता’ म्हणणार. अकरा माणसांच्या नोकऱ्या पाठीवर घेऊन आलेली बाई दुसरं काय म्हणणार होती? मग ती चार मिनिटं जातील, गट वाचेल, गेम अमेरिकेत येईल, आणि त्यात या बाईचं काही उरणार नाही.

मी जपानीत म्हणाले, “ग्लेन-सान विचारतायत, या चार मिनिटांत खेळणाऱ्या माणसानं काय करावं, असं तुमच्या मनात आहे?”

वाक्य तोंडातून गेलं. मागे घ्यायचं तर आत्ताच, असं मनात म्हणत राहिले आणि घेतलं नाही.

मोरीवाकी-सानांनी माझ्याकडे पाहिलं, मग ग्लेनकडे पाहिलं. ग्लेन मला म्हणाला, “रागावल्यात का?”

“विचार करतायत,” मी म्हणाले. ते तरी खरं होतं.

“सहा वर्षांपूर्वी,” मोरीवाकी-सान बोलायला लागल्या, “मी आधीच्या एका गेमच्या शेवटच्या आठवड्यात होते. आओमोरीहून भावाचा फोन आला, आई गेली. तेव्हाच्या माझ्या वरिष्ठांनी विचारलं, तीन दिवस थांबू शकाल का? मी ‘समजलं’ म्हणाले. तीन दिवसांनी गावी गेले तेव्हा सगळं उरकलं होतं. घरात कुणी मला काही बोललं नाही. मी नुसती बसून राहिले. हाताला काही काम नव्हतं. उदबत्तीसुद्धा भावाची बायको लावत होती.”

मी हे इंग्रजीत सांगत गेले, एकेक वाक्य, जसं येईल तसं. इथे मी काहीही बदललं नाही. ग्लेन पुढे झुकून ऐकत होता.

“म्हणून मी ती चार मिनिटं लिहिली,” त्या म्हणाल्या. “माझ्या हातांना जे मिळालं नाही, ते खेळणाऱ्याच्या हातांना मिळावं. पण आता काचेतून बघताना वाटलं, मी त्यांच्या हातांना फार थोडं दिलंय. एक बटण. ज्याला उदबत्ती म्हणजे काय माहीत आहे त्याला ते पुरेल. त्या माणसांना कसं पुरणार? ग्लेन-सानांचा प्रश्न बरोबर आहे.”

शेवटचं वाक्य इंग्रजीत सांगताना माझी जीभ अडखळली. “त्या म्हणतायत, तुमचं म्हणणं बरोबर आहे,” असं मी सांगितलं. प्रश्न हा शब्द गाळला. म्हणजे एकाचे दोन अपराध झाले.

ग्लेन खुर्चीत मागे टेकला. चष्मा काढून त्यानं डोळे चोळले.

“माझे वडील ओहायोत वारले,” तो म्हणाला, काहीसा स्वतःशीच. “तेव्हा शेजारणी यायला लागल्या. एकेकीच्या हातात झाकलेलं भांडं. भाजलेल्या बटाट्याचं काही, चिकनचं काही, कुठल्या तरी चीजचं. आई एका खोलीत आणि मी दाराशी. भांडं घ्यायचं, आभार मानायचे, कोट टांगायचा, कॉफी ओतायची. दिवसभर तेच. रडायला मिळालं नाही म्हणून मला तेव्हा राग आला होता. पुढे वाटलं, त्या भांड्यांनीच मला त्या दिवशी उभं ठेवलं.”

मी जपानीत सांगितलं. मोरीवाकी-सानांनी वही उघडली.

“भांड्याला नाव लिहिलेलं असतं का?” त्यांनी विचारलं.

ग्लेन चमकला. “हो! खाली चिकटपट्टीवर नाव. परत कुणाचं ते कळावं म्हणून. हे यांना कसं माहीत?”

“पोस्टमनला नावं वाचायची सवय असते,” त्या म्हणाल्या.

त्यानंतर दीड तास त्या खोलीत जे चाललं, ते मी आयुष्यात फार थोड्या वेळा पाहिलंय. दोघंही माझ्याकडे न बघता एकमेकांकडे बघून बोलत होते आणि मी मधून दोन्हीकडे धावत होते. दारावर थाप पडेल, पोस्टमननं उठून दार उघडायचं. ज्यांना त्यानं महिनोन् महिने पत्रं पोचवली, ती माणसं आता त्याच्याकडे काहीतरी घेऊन येतायत. भांडं घ्यायचं, आत ठेवायचं, चहा ओतायचा. मधल्या वेळात आईजवळ बसायचं, उदबत्ती बघायची. कुणी पाच सेकंद थांबेल, कुणी जास्त. ग्लेन उठून फळ्यावर दाराचं चित्र काढायला लागला.

मग एकाएकी मोरीवाकी-सान माझ्याकडे वळल्या. “बोइते-सान, तुमच्याकडे काय करतात?”

दुभाष्याला कुणी काही विचारत नसतं. मी ग्लेनकडे पाहिलं. त्याला काय विचारलं ते सांगितलं. तो म्हणाला, “हो, सांग ना.”

“आमच्याकडे त्या दिवशी घरात चूल पेटवत नाहीत,” मी म्हणाले. “शेजारचे पिठलं-भाकरी करून आणतात. म्हणजे डाळीच्या पिठाचं कालवण आणि ज्वारीची भाकरी. साधंच. कडू घास म्हणतात त्याला.”

“कडू असतं?”

“नाही. घशाखाली उतरत नाही म्हणून कडू.” मी थांबणार होते, पण थांबवेना. “मी सोळा वर्षांची असताना माझे वडील गेले. शेजारच्या हौसाकाकू नऊ वर्षं आमच्याशी बोलत नव्हत्या. नळावरून भांडण झालं होतं, दोन घरांमध्ये भिंत घातली होती त्यांनी. त्या दिवशी सगळ्यांच्या आधी त्याच आल्या. भाकरीची चवड आणि पिठल्याचं पातेलं ठेवलं, माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, ‘खाऊन घे.’ दुसरं काही बोलल्या नाहीत. मी खाईपर्यंत उठल्या नाहीत.”

हे मी आधी जपानीत सांगितलं आणि मग इंग्रजीत. ग्लेननं पाण्याचा ग्लास पुढे केला.

मोरीवाकी-सान लिहीत होत्या. “तिसऱ्या भागात एक म्हातारा आहे,” त्या लिहिता लिहिता म्हणाल्या. “पोस्टमनच्या आईशी त्याचं भांडण आहे. तो पत्रसुद्धा दारात घेत नाही. तो शेवटी येईल.”

“आणि फक्त एवढंच म्हणेल,” ग्लेन म्हणाला, “खाऊन घे.”

ओसाकाला परतल्यावर गटानं रात्रीचा दिवस केला. चार मिनिटांची सात मिनिटं झाली. ग्लेनला फोनवर ते सांगितलं तेव्हा तो मोठ्यानं हसला. त्यानं पुन्हा आठ माणसं बोलावली. या वेळी गेम अडकला असं कुणीही म्हटलं नाही. दोघं जण रडले, आणि एकानं बाहेर पडल्यावर स्वागतकक्षातून आईला फोन लावला, असं ग्लेननं कळवलं.

त्या वर्षीच्या सप्टेंबरात ‘हिवाळ्याचं टपाल’ अमेरिकेत आलं. सुरुवातीला कुणाच्या लक्षातही आलं नाही. मग हळूहळू पत्रं यायला लागली. गेमच्या कंपनीला लोक तक्रारी लिहितात, चुका कळवतात. ही पत्रं निराळी होती. कोणी आपल्या आजोबांबद्दल लिहिलं होतं, कोणी ज्या बहिणीशी बोलणं सोडलं होतं तिला केक नेऊन दिल्याचं. नाताळापर्यंत गेम जपानच्या कितीतरी पट खपला. पुढच्या वर्षी जपानी आवृत्तीतही सातवा भाग नव्यानं घातला गेला. गट मोडला नाही. टेबलावरचं पांघरूणसुद्धा परत आलं, आणि ते परत आणा म्हणणारा ग्लेनच होता.

मग भाषणं सुरू झाली. जपानी गेम पाश्चात्त्य बाजारात कसे यशस्वी होतात, या विषयावर ग्लेनला जिथे तिथे बोलावणं येऊ लागलं. एका परिषदेला मीही गेले होते. शेवटच्या रांगेत बसले. तो व्यासपीठावर सांगत होता, “आठातली सहा माणसं वैतागली होती. तो भाग कापून टाकणं सगळ्यांत सोपं होतं. पण मी त्या लेखिकेकडे वळलो आणि एकच प्रश्न विचारला. या चार मिनिटांत खेळणाऱ्या माणसानं काय करावं, असं तुमच्या मनात आहे?”

सभागृहात टाळ्या झाल्या. त्याला हे वाक्य कुठून मिळालं? नंतर उलगडलं. मोरीवाकी-सानांची एक मुलाखत जपानी मासिकात आली होती, तिचं इंग्रजी भाषांतर निघालं. त्यात त्यांनी ग्लेन-सानांच्या त्या प्रश्नाबद्दल सांगितलं होतं. ग्लेननं ते वाचलं, आणि त्याला आठवलं. खोटं बोलत नव्हता तो. त्याला खरंच आपण विचारल्याचं आठवत होतं.

शिकागोहून आल्याच्या आठवड्यातच मी सुगीउरा-सानांकडे अर्ज दिला होता, मला लेखी भाषांतराच्या विभागात घ्या. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, प्रवास झेपत नाही. त्यांनी विश्वास ठेवला. त्यानंतर तेरा वर्षं मी कागदावरचे शब्द कागदावर उतरवले. समोरासमोर बसलेल्या दोन माणसांच्या मध्ये पुन्हा बसले नाही. कुणी आग्रह केला की काहीतरी निमित्त सांगायचे. माझ्या तोंडून पुढचं वाक्य कुठलं निघेल, याची मला खात्री राहिली नव्हती.

मोरीवाकी-सान २०१६च्या वसंतात निवृत्त झाल्या. निरोपसमारंभानंतर दोन आठवड्यांनी मी त्यांना त्यांच्या घराजवळच्या एका कॉफीच्या दुकानात गाठलं. दुपारची वेळ, दुकानात आम्ही दोघीच. मी फार पाल्हाळ न लावता सांगून टाकलं. ग्लेन काय म्हणाला होता, आणि मी काय सांगितलं.

त्यांनी कप खाली ठेवला.

“मेलेल्या म्हातारीकडे चार मिनिटं बघत बसायला,” त्या सावकाश इंग्रजीत म्हणाल्या. उच्चार वेडेवाकडे होते, शब्द बिनचूक. “मला बोलता येत नाही, बोइते-सान. पण शाळेत सहा वर्षं शिकले होते. ‘डेड’ कळतं, ‘ओल्ड वुमन’ कळतं.”

“मग तुम्ही... तेव्हाच का नाही...”

“ते ऐकलं आणि ‘समजलं’ हा शब्द माझ्या तोंडात तयार होता. तेवढ्यात तुम्ही भलतंच काहीतरी विचारलंत. आणि आईबद्दल मला कधी कुणी काही विचारलंच नव्हतं. सहा वर्षांत कुणी नाही, भावानंही नाही. प्रश्न कोणाचा आहे याची चौकशी करत बसायला मला वेळ नव्हता. मी उत्तर दिलं.”

“मी माफी मागायला आलेय.”

“मागा,” त्या म्हणाल्या. मी दचकले. त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. “तुम्हाला वाटलं, ही बाई हो म्हणेल आणि मोडून पडेल. म्हणून तुम्ही मला वाचवलंत. वाचलेही मी. पण तो माणूस माझ्यावर रागावला होता आणि तो राग तुम्ही माझ्यापर्यंत येऊ दिला नाहीत. कदाचित मी त्या दिवशी पहिल्यांदा ‘नाही’ म्हटलं असतं. कदाचित नसतं. ते आता आपल्या दोघींनाही कधी कळणार नाही.”

मी जपानी पद्धतीनं, टेबलाला कपाळ टेकेपर्यंत वाकून माफी मागितली. त्यांनी ती घेतली. मग दोघींनी गार झालेली कॉफी प्यायली.

“ग्लेनला सांगू का?” मी विचारलं.

“अजून भाषणं करतात ते?”

“करतो. आणि नवीन गेम आला की पहिल्या बैठकीत लेखकाला तोच प्रश्न विचारतो, असं तिकडचे लोक सांगतात. या जागी खेळणाऱ्यानं काय करावं, असं तुमच्या मनात आहे? कापाकापीचं नंतर बोलतो.”

“तेरा वर्षं?”

“तेरा वर्षं.”

“मग प्रश्न त्यांचाच झाला,” मोरीवाकी-सान म्हणाल्या. “आता तो काढून घेऊ नका त्यांच्याकडून.”

निघताना दाराशी त्या थांबल्या. “रविवारी सकाळी मोकळ्या आहात का?” त्यांच्या इमारतीत एक नेपाळी कुटुंब राहायला आलं होतं. जपानात कोणत्या कचऱ्याची पिशवी कोणत्या वारी बाहेर ठेवायची ते ठरलेलं असतं, आणि त्यावरून शेजाऱ्यांशी रोज खटके उडत होते. मोरीवाकी-सान त्या वर्षी इमारतीच्या मंडळाच्या प्रमुख होत्या. त्या घरातल्या बाईला हिंदी येतं, असं कळलं होतं. “हिंदी तुम्हाला येतं ना?”

“येतं. पण मी आता ते काम करत नाही.”

“माहीत आहे. दहा वाजता या.”

मी गेले. मनमाया नावाची ती बाई तिशीची होती, कडेवर मूल घेऊन उंबऱ्यातच उभी. तिनं आम्हाला आत बोलावलं नाही. मी कोण ते सांगायच्या आतच ती सुरू झाली. कोणत्या वारी कोणती पिशवी, हे कागदावर लिहून दारात चिकटवता, तो कागद मला वाचता येत नाही हे एकालाही सुचत नाही का? माझी पिशवी परत आणून दारात टाकता. मी काय जनावर आहे?

मोरीवाकी-सान माझ्याकडे बघत होत्या. चांगलंसं, मवाळसं एक वाक्य जिभेवर येऊन थांबलेलं मला जाणवत होतं. मी ते गिळलं आणि ती बाई जे बोलली ते जपानीत सांगितलं. जनावर हा शब्दही सांगितला.

मोरीवाकी-सानांचा चेहरा लाल झाला. “पिशवी परत आणून टाकणारी मीच आहे,” त्या म्हणाल्या, आणि एवढ्या वर्षांत कधी न ऐकलेला त्यांचा आवाज जिन्यात घुमला. “पाच वेळा मी या दारावर थाप मारली. आत माणसं बोलत होती आणि कुणी दार उघडलं नाही. विचारा तिला, का नाही उघडलं!”

मी वळले आणि हिंदीत, तेवढ्याच चढ्या आवाजात विचारलं. कडेवरचं मूल आमच्या तिघींच्या तोंडाकडे बघत होतं.

“घाबरले होते,” मनमाया म्हणाली. “बोलता येत नाही ना.”

मी तेही सांगितलं. मोरीवाकी-सान तिथेच जिन्याच्या पायरीवर बसल्या. जरा वेळानं मनमायानं मूल खाली ठेवलं आणि दार पुरतं उघडलं.